बरणीतली तीन बदकं

पेटीत तेवीस वस्तू होत्या. झांजांची एक जोडी, म्हणजे दोन. फिरकीच्या झाकणाची एक निळी बरणी, जिच्या आतलं बाहेरून दिसत नाही. आत तीन लाकडी बदकं. एकमेकांत घट्ट बसणारे आठ ठोकळे. पाच मोठे मणी आणि ते ओवायची एक दोरी. चेन लावलेली एक कापडी पिशवी, आत एक बाहुली. आणि दोन्ही बाजूंनी ओढली की हंबरल्यासारखी वाजणारी एक घड्यांची नळी. मुलांचे आखडलेले हात तपासायला बसण्याआधी तिने त्या दोनदा मोजल्या. दर वेळी दोनदाच मोजायची. टेबल मुलाच्या कोपराच्या उंचीचं, खुर्ची पाय जमिनीला टेकतील अशी, कॅमेरा तिपाईवर, टेबलापासून दोन मीटरवर. भिंतीवर चित्र नाही, खिडकीला पडदा. प्रत्येक खेळणं असं निवडलेलं की एका हाताने त्याच्याशी खेळता येतं, पण मजा येत नाही. मजा यायला दुसरा हात लागतो. सगळी तपासणी या एवढ्याशा लबाडीवर उभी होती. मुलाला काही म्हणजे काही सांगायचं नाही. खेळणं पुढे सरकवायचं आणि गप्प बसायचं. मूल खेळात स्वतःला विसरलं की आखडलेला हात आपोआप मदतीला येतो, किंवा येत नाही. जे दिसेल ते नंतर चित्रफितीवर बघून मोजायचं. वीस बाबी, प्रत्येकीला एक ते चार गुण. हात काय करू शकतो हे नाही, हात काय करतो हे. या दोन वाक्यांतला फरक समजायला तिला शिक्षणाची साडेचार वर्षं लागली होती, असं ती नव्या लोकांना सांगायची. ते खरं नव्हतं. तो तिला नवव्या वर्षीच समजला होता.

सकाळच्या पहिल्या मुलीचा कागद तिने उचलला तेव्हा सव्वानऊ झाले होते. वय तीन वर्षं सात महिने. सेरेब्रल पाल्सी, जन्माच्या सुमाराला मेंदूच्या उजव्या बाजूला इजा, म्हणून डावा हात आखडलेला. हाताच्या वर्गासाठी, म्हणजे असा हात वापरायला शिकवणाऱ्या तुकडीसाठी, शिफारस. या तुकडीत सहा जागा, पाच भरलेल्या. चाळीस किंवा जास्त गुण लागतात, वय चारच्या आत लागतं, आणि पुढची तुकडी वर्षाने. हे सगळं नेहमीचंच. तिची नजर खाली सरकली, सोबत येणाऱ्या व्यक्तीच्या सहीवर, आणि तिथेच अडकली. शेवटच्या अक्षराची रेघ खालून वळसा घेऊन पुन्हा पहिल्या अक्षराला येऊन टेकत होती, कुत्र्याने स्वतःचं शेपूट तोंडात धरावं तशी. ही सही तिच्या घरी होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात, एकोणीस वर्षं. सहीच्या वर एकच ओळ होती: डावा हात, उपयोग नाही.

तो कागद मिळाला त्या दिवशी तिला शाळेला सुट्टी होती म्हणून आईने तिलाही बरोबर नेलं होतं. भाऊ चार वर्षांचा. तपासायच्या पलंगाचं रेक्झिन एका कोपऱ्याला फाटलं होतं आणि आतला स्पंज पिवळा पडला होता. भाऊ उजव्या हाताने तो कुरतडत बसला. डॉक्टर उंच, त्यांच्या हाताला स्पिरिटचा वास. त्यांनी भावासमोर एक पिवळा चेंडू धरला आणि म्हणाले, "डाव्या हाताने घे." भावाने उजवा पुढे केला. "तो नव्हे. हा. उघड मूठ." भावाने मुठीकडे बघितलं. मूठ आणखी आवळली. "उघड. उघड म्हणतो ना." जितक्यांदा ते म्हणाले तितकी ती आवळत गेली, अंगठा आत, बोटं त्याच्यावर, कोपर वर. आता तिला याचं कारण माहीत होतं. असा हात हुकूम ऐकत नाही. हुकूम आला की ताण चढतो आणि हात बंद होतो. तेव्हा कारण माहीत नव्हतं, पण भाऊ रोज तिचा कंपासचा डबा पळवायचा आणि तो डाव्या हाताने छातीशी दाबून उजव्याने उघडायचा हे माहीत होतं. म्हणून ती मध्येच म्हणाली, "घरी उघडतो तो. डबा उघडतो माझा." डॉक्टर तिच्याकडे वळले. "डॉक्टर तू का मी?" ते हसले. बाजूची नर्स हसली. आणि आईसुद्धा हसली, ओशाळं, मोठ्या माणसासमोर पोराच्या वतीने हसतात तसं. तीन मिनिटांत काम आटोपलं. घरी येऊन तिने भावाची मूठ एकेक बोट करून सोडवली. तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या होत्या. पुढच्या महिन्यात आईने हाताचे व्यायाम बंद केले. उपयोग नाही म्हटल्यावर कशाला पोराला रडवायचं. शाळेत जायच्या वयात भाऊ हात खिशात घालायला शिकला. आता त्याचं कोपर तीस अंशांपलीकडे सरळ होत नाही. तिने स्वतः मोजलं होतं, कोनमापकाने. भाऊ म्हणाला होता, "पाहुणा आहे तो ताई. पाहुण्याला काम सांगू नये."

डॉक्टर दारात उभे राहिले तेव्हा तिला आधी त्यांची उंची कमी वाटली. पाठीला बाक आला होता, कानात यंत्र होतं, पण आवाज तोच. बरोबर सून, आणि सुनेच्या कडेवर मुलगी. एक वेणी सुटलेली, एक घट्ट. आजोबा तिला भिंगरी म्हणत होते.

"आत एकच मोठं माणूस बसू शकतं," ती म्हणाली.

"मी बसतो," डॉक्टर सुनेला म्हणाले. "तू रडशील. मी या विषयातला आहे, मुली. चाळीस वर्षं हात तपासलेत." शेवटची दोन वाक्यं तिला, तपासणारीला, उद्देशून होती.

सुनेने मुलीला खाली उतरवलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "घरी बरणी उघडते हो ती. छातीशी धरून. मी बघितलंय."

"घरचं सोड," डॉक्टर म्हणाले.

एकोणीस वर्षं तिने या भेटीची तालीम केली होती. बसथांब्यावर, भांडी घासताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी. बहुतेक तालमींत ती ओरडायची. एकीत ती त्यांना पिवळा चेंडू देऊन म्हणायची, घ्या, डाव्या हाताने, आणि पाठीमागून कोणीतरी हसायचं. पण आता प्रत्यक्ष तो माणूस तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि तिला ओरडावंसं मुळीच वाटत नव्हतं. तिला थंड वाटत होतं. नियमाचा कागद भिंतीवर होता, सातवा नियम: सोबतच्या व्यक्तीने मुलाला सूचना दिल्यास तपासणी त्वरित थांबवावी, त्या व्यक्तीस बाहेर बसवावे व नव्याने सुरुवात करावी. दर वेळी ती हा नियम आधीच तोंडी सांगायची. आज तिने सांगितला नाही. तिने कॅमेरा सुरू केला, पॅडवर पेन्सिल टेकवली आणि बरणी टेबलावर सरकवली.

भिंगरीने बरणी हलवली. आत खडखडलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने पुन्हा हलवली, मान वाकडी करून ऐकलं, आणि मग बरणी उजव्या हाताने स्वतःकडे ओढली. डावा हात टेबलाखालून वर आला, कोणी बोलावलेलं नसताना, झोपेतून उठल्यासारखा, आणि मनगट बरणीला टेकलं. बरणी छातीशी. उजवा हात झाकणावर. झाकण पाव वळसा फिरलं. तपासणारीने कॅमेऱ्याचं घड्याळ बघितलं. एक मिनिट पन्नास सेकंद. हे तीन गुणांचं काम होतं, कदाचित चारही.

"शाबास! आता बोटं उघड, भिंगरी. नीट धर. बोटांनी."

मूठ आवळली. कोपर उडालं. बरणी टेबलावरून घरंगळत कॅमेऱ्याच्या तिपाईपाशी गेली. आत्ता थांबवायचं असतं. तिने बरणी उचलून परत टेबलावर ठेवली आणि पॅडवर एक उभी रेघ ओढली. एक.

त्यानंतरची तेरा मिनिटं आपण पूर्ण शुद्धीवर होतो हे तिला पुढेही नाकारता आलं नसतं. कल्पना दुसऱ्या रेघेला सुचली आणि चौथ्या रेघेपर्यंत पक्की झाली, इतकी सुबक की तिला स्वतःचं कौतुक वाटलं. ओरडायचं कशाला? मोजायचं. हा माणूस आत असताना या हाताचे गुण किती, आणि हा माणूस बाहेर असताना किती. एकच मुलगी, एकच टेबल, एकच पेटी, फरक फक्त एक. दोन आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहून त्याच्या हातात द्यायचे. काही बोलायचं नाही. तो याच विषयातला आहे, त्याला वाचता येईल. पण त्यासाठी पहिली तपासणी पुरी पंधरा मिनिटांची व्हायला हवी होती. अर्धवट मोजमाप म्हणजे मोजमापच नव्हे. "मणी डाव्या हातात घे. अगं डाव्या." नऊ. "हात कुठे गेला? वर ठेव हात." चौदा. "उघड ना मूठ, उघड बघू." सतरा, आणि सतराव्या रेघेला पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं, कारण शब्द तेच होते, क्रमही तोच, फक्त आवाजात आता अजिजी होती. तो धाक घालत नव्हता. तो गयावया करत होता. हे तिला दिसलं आणि तिने ते बाजूला ठेवलं, अवेळी आलेल्या माणसाला बाहेर बसायला सांगावं तसं. म्हातारा घामाघूम झाला होता. बरं झालं, तिला वाटलं. अजून बोल. बोल. तुझ्याच तोंडाने बंद कर तिची मूठ, आणि मी तुला दाखवते ती कोणी बंद केली.

सहाव्या मिनिटाला भिंगरीने डावा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली. भाऊ शाळेच्या बाकावर असाच बसायचा. तिची पेन्सिल क्षणभर थांबली. मग डॉक्टर बोलले, आणि तिने रेघ ओढली. आठव्या मिनिटाला त्यांना राहवलं नाही. ते खुर्चीतून उठले, बरणी घेतली, स्वतःच्या हातांनी झाकण फिरवलं आणि तिन्ही बदकं टेबलावर ओतली. "हे बघ. किती सोपं आहे. बदकं आहेत, बघ." भिंगरीने बदकांकडे बघितलं, मग आजोबांकडे. पिशवीची चेनही त्यांनीच उघडली. घड्यांची नळीही त्यांनीच ओढून वाजवली. तिने तीन रेघा ओढल्या, नियमात बसत नसूनही, कारण न बोलता केलेली सूचना हीसुद्धा सूचनाच.

पंधरा मिनिटं झाल्यावर तिने कॅमेरा थांबवला. भिंगरीला बाहेर आईकडे पाणी प्यायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"ही तपासणी रद्द," ती म्हणाली. "तुम्ही एक्केचाळीस वेळा सूचना दिल्यात. आता तुम्ही बाहेर बसायचं. मी पुन्हा घेणार आहे."

"एक्केचाळीस?" डॉक्टर म्हणाले.

"मोजल्यात." तिने पॅड त्यांच्यासमोर धरलं. पाच-पाच रेघांचे आठ जुडगे आणि एक सुटी. "एकोणीस वर्षांपूर्वी तुमच्याकडे एक मुलगा आला होता. चार वर्षांचा. तुम्ही त्याला पिवळा चेंडू दाखवलात, मूठ उघड म्हणालात, आणि कागदावर लिहिलंत, उपयोग नाही."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला, हे तिला स्पष्ट दिसलं. डोळे वर गेले, ओठ हलले, आणि काही सापडलं नाही. "पिवळा चेंडू होता माझ्याकडे," ते म्हणाले. "मुलगा... रोज वीस यायचे, मुली. तुझा कोण?"

"भाऊ."

"काय करतो आता?"

"टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो."

"आणि हात?"

"खिशात असतो."

या क्षणाची तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. काहीतरी कोसळायला हवं होतं, निदान काहीतरी वाजायला हवं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, रेघांच्या जुडग्यांकडे जवळून बघितलं, पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांचं नख रुंद आणि स्वच्छ होतं.

"ही पहिली," ते म्हणाले. "हिच्याच वेळी मला बाहेर काढायला हवं होतं. नियम आहे ना तसा? भिंतीवर लिहिलाय." त्यांच्या स्वरात आरोप नव्हता. विद्यार्थ्याच्या वहीतली चूक दाखवावी तसं ते म्हणाले. "मग चाळीस रेघा कशाला ओढल्यास?"

तिला उत्तर माहीत होतं. तिने पॅड उलटं करून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि दार उघडून बाहेर गेले.

दुसऱ्या तपासणीत खोलीत दोघीच होत्या. नियमाप्रमाणे सगळं पुन्हा मांडलं: तेवीस वस्तू, दोनदा मोजून. बदकं बरणीत, बाहुली पिशवीत, चेन बंद. भिंगरी पाणी पिऊन ताजीतवानी होऊन आली होती आणि आजोबांची खुर्ची रिकामी बघून तिचे खांदे खाली आले. चांगलं लक्षण. डावा हात मांडीखालून सुटून टेबलाच्या कडेवर आला. त्याहून चांगलं. आता आकडा वर चढेल. पन्नास, कदाचित पंचावन्न. तिला तो कागदावर लिहिलेला दिसतच होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा. तिने बरणी पुढे सरकवली आणि गप्प बसली.

भिंगरीने बरणीकडे बघितलं. हलवली नाही. ओढली नाही.

"त्यात बदकं आहेत," ती म्हणाली, आणि बरणी एका हाताने बाजूला सारली.

खोलीत काहीच हललं नव्हतं, तरी टेबल अचानक दूर गेल्यासारखं तिला वाटलं. तिने पिशवी पुढे केली. "बाहुली," भिंगरी समजूत घातल्यासारखी म्हणाली. नळी पुढे केली. भिंगरीने ती एका हाताने उचलून ठेवली. हंबरते हे तिला माहीत होतं. खेळणं एकदाच नवं असतं. हे तिच्या पुस्तकात नव्हतं, नियमातही नव्हतं, पण या कामातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल. म्हणूनच पेटी आधी दाखवत नाहीत, म्हणूनच बरणी निळी असते. तीन वर्षांत तिने स्वतः सत्तर-ऐंशी मुलांच्या पालकांना बजावलं होतं, डोकावू देऊ नका. एकच मुलगी, एकच टेबल, एकच पेटी, फरक फक्त एक, असं ती मनात म्हणाली होती. फरक दोन होते. दुसरा तिनेच पंधरा मिनिटं बसून होऊ दिला होता. ठोकळ्यांना भिंगरीने थोडी दाद दिली. दोन ठोकळे जोडताना डाव्या हाताने एक दाबून धरला, चार सेकंद. मण्यांशी एकदा. झांजा तिला आवडल्या, पण एक झांज टेबलावर ठेवून दुसरी तिच्यावर आपटायची युक्ती तिने पटकन शोधली आणि डाव्याला सुट्टी दिली. हुशार होती.

निघताना भिंगरीच्या आईने विचारलं, "बरणी उघडली ना तिने?"

"चित्रफीत बघून सांगते," ती म्हणाली. डॉक्टर मुलीच्या बुटाचे बंद बांधत खाली बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

दुपारी भावाचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत तो करायचाच, लोकांच्या शिव्या खाऊन झाल्यावर तोंडाची चव बदलायला, असं त्याचं म्हणणं.

"तो आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"उघड मूठवाला."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मग भाऊ हसला. "अरे वा! जिवंत आहे म्हणजे. मग? पाहुण्याची चौकशी केली का?"

"केली."

"चांगला माणूस आहे की. आमच्या शेजारचेसुद्धा करत नाहीत." त्याने काहीतरी चावलं, गिळलं. "ताई, तू काही वेडंवाकडं बोलली नाहीस ना?"

"नाही. मोजलं फक्त."

"मग ठीक. कोणासाठी आला होता?"

"नातीसाठी. साडेतीन वर्षांची आहे."

"डावा?"

"डावा."

"बिचारी," भाऊ म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "तिला घे वर्गात. तुझ्या हातात आहे ना?"

तिने फोन ठेवला, खोलीचा पडदा ओढला आणि चित्रफिती लावल्या. पहिली रद्द होती. तिचे गुण कोणी मागितले नव्हते. तरी तिने ते काढले. पहिल्या एक मिनिट पन्नास सेकंदांवर ती पाच वेळा मागे आली. मनगट बरणीला टेकतं. बरणी छातीशी. झाकण पाव वळसा. ही हालचाल खरी होती, डोळ्यांदेखत झालेली होती, तिच्याखाली तारीख आणि वेळ होती, आणि ती कुठेच लिहिता येत नव्हती. दुसरी फीत तिने तीनदा बघितली. आठवी बाब, वस्तू स्थिर धरणे: ते चार सेकंद दोन गुणांचे की तीन? बारावी, हात स्वतःहून वापरात आणणे: दोन की तीन? हात वर आला तेव्हा तो खेळायला आला होता की नुसता खाजवायला? इथे एक, तिथे एक, आणि वर्गाचे चाळीस भरले असते. कोणी तपासलं नसतं. तिने खोडरबर हातात घेतला. मग फीत मागे नेऊन, आवाज बंद करून, एकेक चित्र पुढे सरकवत पुन्हा बघितली, जशी कोणाही मुलाची बघितली असती तशी. भिंगरीची बोटं गालाकडे गेली. गाल खाजवला. खाली आली.

तिने खोडरबर ठेवला. कागदाच्या वरच्या भागात तारीख, वय आणि बाजू लिहिली. सोबतच्या व्यक्तीच्या सूचना या रकान्यात एक्केचाळीस लिहिलं, आणि तपासणी कितव्या सूचनेनंतर थांबवली या रकान्यात, थोडा वेळ पेन धरून बसल्यावर, थांबवली नाही असं लिहून खाली आपली सही केली. मग गुणांची बेरीज दोनदा केली.

पहिली तपासणी, रद्द: एकतीस. दुसरी तपासणी, ग्राह्य: अडतीस.